काळ्या पापड्या

एकदाच केलेल्या गोष्टीवर ज्याचा काडीचाही विश्वास नाही असा माणूस ऑस्ट्रेलियाच्या अख्ख्या व्हिक्टोरिया राज्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. घराला कुलूप लावून गाडीपर्यंत गेल्यावर परत येऊन ते ओढून बघणं, हे तुम्ही-आम्हीही करतो. पण हा तिसऱ्यांदाही येतो. दोनदा मोजलं आणि दोन वेगळी उत्तरं आली, तर त्यातलं खोटं कुठलं हे कसं कळणार, असा त्याचा सवाल असतो. आमटीत मीठ बरोबर आहे की नाही हे सांगायला त्याला तीन चमचे आमटी लागते, तीही वाटीतल्या तीन वेगवेगळ्या जागांवरची. आमच्याकडे आला की मी "चहा घेणार?" विचारतो, तो "नको" म्हणतो, पुन्हा विचारलं की पुन्हा "नको", तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, घेतो". ही आपली नेहमीची मराठी रीत असावी असं मला बरीच वर्षं वाटत होतं. "छे रे," तो एकदा म्हणाला, "मी तुझी कन्सिस्टन्सी चेक करत होतो." लग्न त्याने एकदाच केलं हे खरं, पण आधी रजिस्टर, मग सांगलीला वैदिक, आणि नंतर मेलबर्नला रिसेप्शन, असे तीन प्रयोग त्यातही झालेच. "तिन्हींची सरासरी चांगली आली," असं तो मेव्हणीच्या देखत सांगतो, आणि ती त्याच्याकडे ज्या नजरेने बघते तिची सरासरी काढायची गरज पडत नाही.

पोटापाण्यासाठी तो एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्या छापतो. छापतो म्हणजे अक्षरशः छापतो. टी-शर्टवर चित्र छापायला जशी जाळीची चौकट लागते तशी चौकट घ्यायची, खाली प्लॅस्टिकचा तलम कागद ठेवायचा, वरून कार्बनची काळी शाई रबरी पट्टीने ओढायची, की खाली बारीक बारीक काळ्या रेघा उमटतात. त्या वाळवायच्या, त्यांच्या टोकाला एन्झाइमचा थेंब ठेवायचा, आणि कापून पट्ट्या करायच्या. रक्ताचा थेंब लागला की त्यातल्या साखरेतून इलेक्ट्रॉन सुटतात, ते काळ्या रेघेवरून चालत मशीनपर्यंत जातात, आणि मशीन त्यांची शिरगणती करून आकडा दाखवतं. हे सगळं मला समजलं आहे असं कृपया समजू नका. पण बारा वर्षांत त्याने ते मला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही मी न अडखळता म्हणून दाखवीन.

त्यामुळे त्याच्या घरी जायचं म्हणजे बोट घेऊन जायचं. दिवाळीच्या फराळाला गेलात तर चकलीच्या आधी सुई येते. "हात साबणाने धुतलेस? नक्की? परत धू." ह्या धुण्यामागेही इतिहास आहे. एका गणपतीला त्याने मोदक वळणाऱ्या मंडळींची बोटं टोचली होती. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका बिचाऱ्या इंजिनिअरचा आकडा इतका वर गेला की त्याने मोदक तर सोडलेच, पण संध्याकाळी बायकोला इन्शुरन्सचे कागद कुठे ठेवलेत तेही दाखवलं. साखर त्याच्या रक्तात नव्हती, बोटाला लागलेल्या गुळात होती. माझं स्वतःचं प्रकरणही फारसं शोभेचं नाही. माझी शुगर सहा पूर्णांक एक आली, आणि मी ती मोठ्या अभिमानाने सांगलीला सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितली. इथे मोजायचं माप वेगळं, तिथलं वेगळं, आणि इथल्या सहाला अठराने गुणलं की तिथला आकडा मिळतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? "सहा?" सासूबाई किंचाळल्या. "अहो, आधी तोंडात साखर टाका! कुणीतरी ह्यांना धरा!" माझ्या बायकोने मला खरोखरच धरलं. साडू शेजारी बसून हसत होता, आणि हसता हसता माझं दुसरं बोट टोचत होता.

मग करोना आला आणि लॅब बंद झाली. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, दिवसातून एक तास व्यायाम, तोही फार तर एका माणसाबरोबर. सुदैवाने म्हणा किंवा दुर्दैवाने म्हणा, साडूचं घर मेलबर्नच्या आमच्याच उपनगरात, ग्लेन वेव्हर्लीत, माझ्यापासून तीन किलोमीटरवर आहे. तीन म्हणजे त्याने तीनदा मोजलेले तीन. तेव्हा त्याचा तो एक माणूस मी झालो. रोज संध्याकाळी आम्ही दोघं मास्क लावून तळ्याभोवती फिरायचो. ऑगस्ट संपत आला की इथले मॅगपाय पक्षी घरटी करतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात. त्यावर उपाय म्हणून इथले लोक सायकलच्या हेल्मेटला प्लॅस्टिकच्या उभ्या काड्या लावतात. साडूने एका हेल्मेटला काड्या लावल्या, दुसरं तसंच ठेवलं, तिसऱ्यावर डोळे रंगवले, आणि आळीपाळीने घालून झडपा मोजल्या. मी त्याच्याबरोबर चालतो हे ओळखीच्या कुणाला दिसू नये म्हणून मी त्या दिवसांत मास्क नाकाच्याही बराच वर घेत असे. गॅरेजमध्ये त्याने जाळीची चौकट, शाईचे डबे आणि एक जुना ओव्हन मांडला होता. कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या ऑस्ट्रेलियन शेजाऱ्याला वाटलं की नोकरी गेल्यामुळे हा टी-शर्ट छापायला लागला. त्याने दयाबुद्धीने आपल्या फुटबॉल टीमचे दोन एक्स्ट्रा लार्ज मागितले. साडूने जमणार नाही म्हणून सांगितलं तर म्हणाला, "नो वरीज, मेट. हँग इन देअर."

आता सासूबाईंकडे येतो, कारण सगळं तिथेच अडलेलं होतं. सासूबाई सांगलीला एकट्या राहतात. पंधरा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. त्यांच्याकडे सासऱ्यांनी आणलेलं एक साखर मोजायचं मशीन होतं, निळं, साबणाच्या वडीएवढं. सासरे होते तोवर रोज सकाळी तेच सासूबाईंचं बोट टोचत, मशीनने 'टीं' केलं की "लागला निकाल!" म्हणत, आणि आकडा वहीत लिहून ठेवत. सासरे गेले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मशीन चालू होतं, पण त्याच्या पट्ट्या कंपनीने बनवायच्या बंद केल्या होत्या. औषधांच्या दुकानदाराने शेवटचं खोकं दिलं आणि नवीन मशीन घ्या म्हणून सांगितलं. "ह्यांनी आणलेलं चालू असताना दुसरं कशाला?" असं म्हणून सासूबाई घरी आल्या. एरवी आम्ही कुणीतरी वर्षाकाठी जाऊन असले प्रश्न सोडवतो. आता दोन्ही देशांची दारं बंद होती.

सासूबाई रोज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर आकडा टाकत. आम्ही सगळे त्याला अंगठा दाखवून कामाला लागत असू. एका संध्याकाळी तळ्याकाठी साडू अचानक थांबला. मला वाटलं मॅगपाय आला.

"एकशे तीस, एकशे पस्तीस, एकशे चाळीस, एकशे पस्तीस," तो म्हणाला.

"मग? छान आहे की कंट्रोल."

"गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पण एकशे पस्तीस. मोदक खाऊन. रक्त इतकं शहाणं नसतं रे. आई मोजतच नाहीयेत. मनाने टाकतायत."

मी हसलो. सासूबाई आणि खोटं? ज्या बाईने माझ्या पगाराबद्दल लग्नाआधी तीन ठिकाणी चौकशी करून आलेलं उत्तर माझ्याच तोंडावर सांगितलं, ती? पण दुसऱ्या दिवशी त्याने कॉलवर गोड बोलून पट्ट्यांचं खोकं दाखवायला लावलं. पन्नास पट्ट्यांचं खोकं, दोन महिने रोजचं मोजणं, आणि खोकं अजून जवळजवळ भरलेलं. सासूबाई आठवड्यातून एकदा मोजत होत्या. पट्ट्या पुरवून पुरवून वापरत होत्या, कारण त्या संपल्या की मशीन कपाटात जाणार होतं.

साडू त्यांना ह्याबद्दल विचारणार होता. त्याआधीच एका एकादशीला सासूबाई स्वयंपाकघरात कोसळल्या. उपास होता, गोळी मात्र घेतलेली होती, आणि साखर खाली गेली. शेजारच्या काकू दूध मागायला आल्या म्हणून त्यांना दिसल्या. त्यांनी साखरेचं पाणी पाजलं. त्या दिवशी सकाळी ग्रुपवर आकडा आला होता एकशे पस्तीस, आणि त्याला मी अंगठा दाखवला होता. तो अंगठा मला आजही आठवतो आणि आजही लाज वाटते. माझी बायको आणि मेव्हणी, दोघी बहिणी दोन घरांत रडत होत्या आणि एकमेकींच्या घरी जायचीही परवानगी नव्हती.

त्या जुन्या पट्ट्यांची मुदतही संपली होती, तेव्हा साडूने दुकानदाराला फोन करून नवीन मशीन सासूबाईंच्या घरी पोचवलं. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि कपाटात ठेवून दिलं. मग एका दुपारी, तिथे सकाळ असताना, त्याने व्हिडिओ कॉल लावला. मीही त्या कॉलवर होतो. मला वाटलं आता हा एन्झाइमवर व्याख्यान देणार.

"आई, बाबांच्या मशीनच्या पट्ट्या मी छापतो," तो म्हणाला. "इथे गॅरेजमध्ये. घेऊन येईन सांगलीला. पण तोवर तुम्ही नवं मशीन वापरायचं. रोज."

"अहो जावईबापू, बोटं दुखतात हो रोज रोज."

"मग मी पण टोचतो. तुम्ही तिकडे, मी इकडे. एकदम."

आणि त्या दिवसापासून तो टोचू लागला. त्याला मधुमेह नाही, त्याच्या घराण्यात कुणाला नाही. तरी रोज दुपारी, मीटिंग चालू असली तर कॅमेरा बंद करून, हा माणूस फोन पुढ्यात धरून म्हणायचा, "एक, दोन, तीन!" आणि दोन देशांत दोन बोटं टोचली जायची. "तुमचा किती आला?" सासूबाई आधी विचारायच्या, आणि हा आपला आकडा अठराने गुणून सांगायचा. त्याचा कमी आला तर त्या खट्टू व्हायच्या आणि जेवणानंतरचा जास्त आला तर त्याला भात कमी करायला सांगायच्या. त्यांचे आकडे आता एकशे सत्तेचाळीस, एकशे एकोणीस, एकशे त्र्याऐंशी असे वेडेवाकडे येऊ लागले. साडू ते आकडे बघून इतका खूश व्हायचा की मेव्हणीला संशय आला, आईची साखर वाढावी असं ह्याला वाटतंय की काय.

पट्ट्यांचं काम मात्र सरकेना. आधी तसंच जुनं मशीन इथे मिळवायचं कुठून हा प्रश्न होता. तो त्या टी-शर्टवाल्या शेजाऱ्याने सोडवला. त्याच्या ड्रॉवरमध्ये तेच निळं मशीन कितीतरी वर्षं पडून होतं. "दॅट ओल्ड थिंग? टेक इट, मेट," म्हणून त्याने ते कुंपणावरून फेकलं, आणि साडूने आयुष्यात पहिल्यांदा क्रिकेटचा झेल घेतला. मग पट्टीचा आकार, टोकाच्या रेघांची जागा, हे सगळं जमलं. पण शाईला तडे जायचे. ओव्हनमधून कागद काढला की काळ्या रेघांवर भेगाच भेगा. त्याने शाई बदलली, जाळी बदलली, ओव्हनचं तापमान तीन-तीनदा मोजलं. रोज फिरताना मला तडे ऐकावे लागत. लॅबमधली चांगली यंत्रं कुलपात होती आणि हा गॅरेजमध्ये भेगांचे फोटो काढून त्यांना नंबर देत बसला होता.

एका दुपारी टोचून झाल्यावर त्याच्या फोनचा कॅमेरा चुकून टेबलाकडे वळला.

"ह्या कसल्या काळ्या पापड्या हो?" सासूबाईंनी विचारलं.

"ह्याच त्या पट्ट्या, आई. कापायच्या आधीच्या."

"आणि अशा फुटल्यात का? थांबा, जवळ न्या बघू. अहो, एकदम उन्हात टाकल्यात की तुम्ही!"

"उन्हात नाही, ओव्हनमध्ये."

"तेच ते. साबुदाण्याच्या पळीपापड्या प्लॅस्टिकवर घातल्या की पहिला दिवस घरात पंख्याखाली ठेवायच्या. वरून कोरड्या दिसतात, आत ओल असते. तसंच ऊन दाखवलं तर तडकणारच. आणि तुमचं पीठ पण घट्ट झालंय. थोडं सैल करा."

मेव्हणी मागून हसत होती. त्याची मुलगी "बाबा, आजी जस्ट फिक्स्ड युअर रिसर्च" म्हणाली. साडू हसला नाही. त्याने वही काढली आणि लिहून घेतलं. शाई सैल केली, कागद रात्रभर पंख्याखाली ठेवले, दुसऱ्या दिवशी ओव्हन दाखवला. एकही तडा नाही. त्याने हे आणखी दोनदा केलं हे सांगायला नको. त्याच्या वहीत त्या पानावर 'सांगली प्रोटोकॉल' असं लिहिलंय, आणि लॅब उघडल्यापासून त्याच्या हाताखालचे चिनी, इराणी, ऑस्ट्रेलियन विद्यार्थी ते नाव अगदी गंभीरपणे घेतात.

दुसरं वर्ष पहिल्याहून वाईट गेलं. सांगलीहून रोज कुणाची ना कुणाची बातमी यायची. दुपारचा कॉल लागायला उशीर झाला की माझी बायको हातातलं काम टाकून फोनकडे बघत बसायची. पण कॉल लागायचा. "एक, दोन, तीन!" व्हायचं. वर्ष सव्वा वर्ष त्यांनी एकही दिवस चुकवला नाही, आणि आम्ही सगळे त्या दोन बोटांवर दिवस ढकलत होतो असं म्हटलं तरी चालेल.

विमानं सुरू झाली तसे आम्ही सगळे निघालो. साडूच्या हँडबॅगमध्ये बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात मोजून चाळीस पट्ट्या. तीन विमानतळांवर त्या काळ्या पट्ट्या काय आहेत असं विचारलं गेलं आणि तिन्ही ठिकाणी त्याने इलेक्ट्रॉनपासून सुरुवात केली. दुसऱ्या ठिकाणी आमचं विमान चुकायचं थोडक्यात राहिलं.

सांगलीला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई आंघोळ करून टेबलाशी बसल्या. त्यांनी साबणाने हात धुतले होते. नवीन मशीनवर आधी मोजलं, एकशे अडतीस आले. "औषध ह्याच आकड्यावर घ्यायचं, आई, कायम," साडूने बजावलं. "हे दुसरं नुसतं..." आणि तो अडखळला.

"ह्यांच्यासाठी," सासूबाई म्हणाल्या.

त्याने निळ्या मशीनमध्ये आपली पट्टी सरकवली आणि त्यांचा हात हातात घेतला. सासूबाईंनी हात सोडवून उलट त्याचाच हात धरला आणि चष्मा वर करून त्याची बोटं बघितली. डाव्या हाताच्या चारही बोटांची टोकं काळसर आणि टणक झाली होती, त्यांच्यासारखीच. "अहो, काय ही दशा करून घेतलीत," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ तो हात त्यांनी सोडला नाही. मग स्वतःचं बोट पुढे केलं. थेंब मोहरीएवढाच आला. पट्टीने तो ओढून घेतला. आम्ही सगळे टेबलाभोवती वाकलो. मशीनने 'टीं' केलं. घरात तो आवाज सव्वा वर्षाने होत होता. पदराने डोळे पुसत सासूबाई म्हणाल्या, "लागला निकाल."

आकडा होता एकशे एकावन्न. नवीन मशीनपेक्षा तेरा जास्त. दोन आकड्यांच्या फरकावरून ज्याने अख्खं गॅरेज रिकामं करून पुन्हा लावलं होतं त्या माणसाकडे मी बघितलं. आता हा आणखी दोनदा टोचणार, हे मला माहीत होतं.

"बरोबर आहे का हो?" सासूबाईंनी विचारलं.

साडूने त्यांच्या बोटाकडे बघितलं. "बरोबर आहे, आई," तो म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावलं.

डबा सांगलीलाच राहिला. सासूबाई रोज नवीन मशीन वापरतात आणि तो आकडा ग्रुपवर येतो. वर्षातून एकदा, सासऱ्यांच्या तिथीला, त्या डब्यातली एक पट्टी काढतात, निळ्या मशीनमध्ये घालतात आणि साडूला फोन करतात. एन्झाइम केव्हाच मेलं असणार. आकडा कधी ऐंशी येतो, कधी दोनशे चार. हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही. तो फोनवर "छान आहे, आई" म्हणतो, मग हळूच नवीन मशीनवर किती आले ते विचारतो आणि तेवढंच लिहून ठेवतो. चाळीसातली एक त्या दिवशी गेली आणि तीन तिथींना तीन, म्हणजे डब्यात अजून छत्तीस उरल्यात. सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. तेव्हा पट्ट्या वाया जाऊ द्यायच्या नसतील तर त्यांना एकशे बारा वर्षं जगावं लागेल, असा हिशोब मी परवा तळ्याकाठी साडूला करून दाखवला. त्याने तो बोटांवर तीनदा तपासून बघितला, आणि बरोबर आहे म्हणाला.